मटाडोर कापून केलेली गाडी विकताना कागद आधी बघा

द्राक्षाच्या पट्ट्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे गेलात तर एखाद्या मळ्यात अशी गाडी हमखास दिसते. पुढून बघावी तर जुनी मटाडोर. मागून बघावी तर सपाट लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना चॅनेलच्या पट्ट्या, मागे खाली सोडायचे दोन रॅम्प आणि केबिनच्या पाठीला टांगलेली चेनपुली. एके काळी हिच्यात बारा-पंधरा माणसे बसून लग्नाला जात होती. पुढे मिनी ट्रॅक्टर आले, फवारणीचे ब्लोअर आले, ठेक्याने फवारणी करणारे आले. या मळ्यातून त्या मळ्यात ट्रॅक्टर रस्त्याने चालवत न्यायचा तर वेळ जातो, टायर झिजतात. मग कोणीतरी गॅरेजवाल्याला सांगितले, ‘मागचं सगळं काप आणि ट्रॅक्टर चढंल असं कर.’ त्याने ते केले आणि चांगले केले.

आता त्या गाड्यांचे वय झाले. ज्यांनी केल्या त्यातले काही वारले, मुलांच्या हाती पिकअप आली, आणि ही जुनी गाडी विकायची वेळ आली. घोटाळा इथून सुरू होतो. आमच्या कृषी खात्याचा आणि गाड्यांचा तसा थेट संबंध नाही. पण शिवारफेरीला गेलो की भुरीच्या बरोबरीने हाही प्रश्न विचारला जातो, म्हणून शेतकरी बंधूंसाठी हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी गाडीचे कौतुक करू, कारण विकताना तेही सांगावे लागते. मटाडोरच का कापली जायची, याला कारण आहे. या गाडीचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट नाही, त्यामुळे मागचा तळ जमिनीला जवळ राहतो. म्हणून ही गाडी अॅम्ब्युलन्सला सोयीची ठरली आणि म्हणूनच ट्रॅक्टर चढवायलाही सोयीची. रॅम्प आखूड पुरतो, चढ कमी येतो. अमेरिकेत जीएमसी कंपनीने १९७३ ते १९७८ या काळात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, बनवले होते. त्यालाही पुढच्या चाकांची ओढ होती. तिथल्या हौशी लोकांनी त्यातल्या काही जुन्या गाड्यांचा मागचा भाग कापून मोटारी वाहून नेणाऱ्या गाड्या केल्या. निफाडचा गॅरेजवाला आणि तिथला कारागीर यांची गाठ कधी पडली नसणार, पण डोके एकाच दिशेने चालले. नंतरच्या मटाडोरला मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन होते. ते नीट ठेवले तर आजही पहिल्या सेल्फला उठते.

आता खोट ऐका. ओढ पुढच्या चाकांना आणि ओझे मागच्या चाकांवर, असा हा प्रकार आहे. मिनी ट्रॅक्टर धरला तरी बरेचदा पाऊण टनाच्या पुढे जातो. ब्लोअरची सहाशे लिटरची टाकी भरलेली असेल तर त्यात आणखी सहाशे किलो वाढले. एवढे वजन मागच्या धुरीच्याही मागे गेले की पुढची चाके हलकी होतात. सपाट रस्त्यावर कळत नाही. पण पावसात चढ लागला की पुढचे चाक जागेवर फिरते, स्टिअरिंग हाताला लोण्यासारखे लागते. उतारावर ब्रेक मारावा तर अर्धेच काम होते. म्हणून जाणते लोक टाकी रिकामी करूनच चढवतात आणि ट्रॅक्टरचे तोंड केबिनला भिडेपर्यंत पुढे घेतात. गाडी विकताना घेणाऱ्याला हे तोंडाने सांगा. तो बाहेर गावचा असेल, घाटातला असेल, त्याला हे माहीत नसणार.

एका गाडीची गोष्ट

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराकडची गाडी सांगतो. नाव-गाव लिहीत नाही. गाडी १९९८ ची, नंबर एमएच-१५ चा, नोंद खासगी प्रवासी गाडी म्हणून. वडिलांनी २०१० मध्ये मागची बॉडी कापून घेतली. २०१३ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे भरली. नूतनीकरण करायचे तर गाडी तपासणीला न्यावी लागणार, आणि कागदावर प्रवासी गाडी, समोर लोखंडी फळी. ते कसे जमणार? म्हणून नेली नाही. मळ्यातल्या मळ्यात आणि शेजारच्या दोन गावांत चालत राहिली. २०१६ मध्ये वडील वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, गाडीच्या कागदावर मात्र वडीलच राहिले.

मुलाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आले, शेजारच्या जिल्ह्यातले. त्याला गाडी पसंत पडली. नव्वद हजार रोख द्यायला तयार. ‘कागदाचं काय टेन्शन नाही, स्टॅम्पवर लिहून घेऊ, मी कुठं हायवेला काढणारे,’ असे म्हणाला. मुलगा खूश. मी दुसऱ्याच कामाला, बागेतली मिलीबग बघायला गेलो होतो. त्याने सहज सांगितले आणि विचारले, ‘साहेब, स्टॅम्प शंभरचा चालंल का?’

शंभरचा स्टॅम्प आता चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात बहुतेक करारांना कमीत कमी पाचशेचा मुद्रांक लागतो. पण खरा मुद्दा तो नव्हता. स्टॅम्पवर लिहून दिल्याने गाडीची मालकी सरकारदरबारी बदलत नाही. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तो मालक. यावर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे. त्यात एकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे एकामागून एक अनेकांच्या हातात गेली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एक लहान मुलगा गेला. नाव मात्र अजून पहिल्याचेच होते. भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आहे, असे न्यायालयाने सांगितले. गाडी विकून त्याला जवळपास दोन वर्षे होत आली होती.

हे ऐकूनही पुष्कळजण म्हणतात, ‘विमा भरील की.’ कापलेल्या, मुदत संपलेल्या गाडीचा विमा कुठे असतो? विमा नसला की भरपाई मालकाच्या खिशातून. खिशात नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल होते हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. नव्वद हजारांच्या सौद्यापोटी द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. हे सांगितल्यावर तो मुलगा गप्प झाला. त्याची आई ओट्यावर बसून ऐकत होती, ती म्हणाली, ‘राहू दे गाडी, उकिरड्यावर गंजू दे.’

गंजू देण्याची गरज नव्हती. पण विकायची कशी, ते बघू.

कापलेली गाडी आणि कायदा

कलम ५२ सरळ आहे. कंपनीने जशी दिली आणि नोंदणी पुस्तकात जशी लिहिली, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले. सीएनजी किट बसवणे, अपंग व्यक्तीसाठी बदल करणे, अशा काही गोष्टींना वाट आहे, पण तीही मंजुरीच्या मार्गाने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय सुटे भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. वडिलांच्या वेळी ‘चालतं’ म्हणून केलेले काम आज मुलाच्या गळ्यात येते ते असे.

माणसे बसणारी गाडी मालवाहू करून मागितली तर परिवहन कार्यालय देईलच असे धरून चालू नका. आधी अर्ज करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. एजंट म्हणतो ‘करून देतो’, त्याच्याकडूनही लेखी मागा. मग त्याचा आवाज बदलतो की नाही ते बघा.

अलीकडे एक नवी हवा निघाली आहे. ‘जुनी गाडी आहे, व्हिंटेज म्हणून लाखात जाईल,’ असे कोणीतरी मोबाईलवर बघून सांगते. केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली हवी, धंद्यात न वापरलेली हवी, आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि मिळालेल्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. तेव्हा १९९८ ची मटाडोर वयानेही बसत नाही आणि ज्या दिवशी करवत लागली त्या दिवशी रूपानेही बाद झाली. आजोबांची जीप वा मोटार गोठ्यात धड उभी असेल तर मात्र तिला हात लावू नका. मागचा भाग कापून शेळ्यांसाठी वापरायचा मोह आवरा.

शेळ्यांवरून आठवले. अशी गाडी बैल-शर्यतवाले हौसेने मागतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून मागणी वाढल्याचे मला तरी दिसते. पण १ जानेवारी २०१६ पासून जनावरांच्या वाहतुकीच्या गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा लागतो. गाई-म्हशीला दोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर, अशी मापे आहेत. ‘बैल नेता येतात’ असे सांगून फळीची गाडी विकू नका.

किंमत कशी धरावी

भावाचा तळ म्हणजे भंगार. समजा गाडीचे रिकामे वजन पंधराशे किलो आणि भाव किलोला तीस रुपये धरला, तर पंचेचाळीस हजार झाले. हा भाव रोज हलतो, आजचा भाव तुम्ही विचारून घ्या. त्याच्यावर इंजिन चालू असेल तर इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, बऱ्या टायरांचे. रॅम्प, चॅनेल आणि चेनपुली यांचे वेगळे. कापणावळ आणि वेल्डिंगला वडिलांनी किती घातले होते, तो हिशोब मनातून काढून टाका. घेणारा त्याचे पैसे देत नाही.

घेणाऱ्याने काय बघावे? जिथे बॉडी कापली त्या रेषेखाली आडवे व्हा आणि चेसिसच्या लांब पट्ट्या बॅटरी मारून बघा. छप्पर आणि बाजूचे पत्रे गाडीला आधार देत असतात. ते गेले की सगळे ओझे खालच्या पट्ट्यांवर येते आणि वेल्डिंगच्या कडेने केसासारखे तडे जातात. ताजा काळा रंग दिसला तर खरवडून बघा, मालक रागावला तरी चालेल. मागचे पाटे सरळ झालेत का, पुढच्या चाकाच्या जॉइंटमधून वळताना कटकट येते का, इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडल्यावर धूर किती फेकते. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. ट्रॅक्टर चढवून मळ्यातल्या मळ्यात घ्या.

कागद चोख असतील तर

सगळ्याच जुन्या गाड्या कापलेल्या नसतात. मूळ रूपातली, मुदतीतली गाडी विकणाऱ्याने नमुना २९ आणि ३० वर, ज्याला आपण टीटी फॉर्म म्हणतो, व्यवहाराच्या दिवशीच सह्या करून अर्ज दाखल करावा. कोरे फॉर्म सही करून देणे ही आपल्याकडची जुनी खोड. त्यात नाव कोणाचे भरले जाईल हे देवाला माहीत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. गाडी गुजरातेत जाणार असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो. पेठ, सुरगाण्याकडच्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे. बँकेचा बोजा फिटला असेल तर नमुना ३५ जोडून तो नोंदीतून उतरवून घ्यावा. कर्ज संपले म्हणजे बोजा आपोआप उतरला असे होत नाही. थकलेली ई-चलने आणि पर्यावरण कर आधी ऑनलाइन बघून भरावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे, त्यावाचून पुढचे काम अडते. विमा घेणाऱ्याच्या नावे करायला चौदा दिवसांची मुदत आहे. गाडीच्या ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी काही झाले, असेही घडते.

मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ वर नाव लावून घ्यावे. बाकीच्या वारसांची संमती लागते. भावाभावांत बोलणे आहे तोवर हे काम उरकलेले बरे. तलाठ्याकडे वारस नोंद झाली म्हणजे गाडीचीही झाली, हा समज मी पाच-सहा गावांत ऐकला. ती नोंद जमिनीची. गाडीचे दप्तर वेगळे.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी दोन ओळी. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही आणि यात पंचायतींच्या गाड्याही येतात. जुना टँकर, घंटागाडी, आरोग्य केंद्राची अॅम्ब्युलन्स पूर्वी चावडीपुढे लिलावात जायची आणि गावातलाच कोणी घेऊन चालवायचा. तो मार्ग बंद झाला. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडेच जायला हवी. मासिक सभेत ठराव करण्याआधी हे बघा, म्हणजे लेखापरीक्षणात सुटाल.

त्या गाडीचे पुढे काय झाले

मुलाने गिऱ्हाइकाला नाही सांगितले. गिऱ्हाईक एक लाखापर्यंत चढले. घरात दोन दिवस वाद झाला, कारण मुलाच्या शिक्षणाची फी भरायची होती आणि लाख रुपये म्हणजे थोडे नव्हेत. शेवटी आईचे चालले. फळी, रॅम्प आणि चेनपुली या मूळ गाडीच्या वस्तू नव्हत्या, वडिलांनी बाजारातून आणून बसवलेल्या. त्या आधी खोलून घेतल्या. आईचे व बहिणीचे संमतीपत्र, मृत्यूचा दाखला, वारसाचे प्रतिज्ञापत्र आणि जुने पुस्तक जोडून गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला दिली. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सवलतीसाठी ते कामी येते, म्हणून जपून ठेवा. जुन्या गाडीची नोंदणीही रद्द होते. केंद्राकडे न देता गाडी मळ्यातच मोडली तरी कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवून पुस्तक जमा करावे लागते. नाहीतर गाडी मोडली तरी नाव जिवंत राहते आणि तिचा नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीला लागला तर पोलिस तुमच्याच दारात येतात.

रॅम्प आणि चेनपुलीची त्याने याच दैनिकात छोटी जाहिरात दिली. मजकूर मी बघून दिला: ‘विकणे आहे. मिनी ट्रॅक्टर चढवण्याचे लोखंडी रॅम्प दोन, जाड चॅनेल, चेनपुली एक टनाची. गाडी नाही, फक्त सामान. मळ्यावर येऊन पाहणे.’ ‘गाडी नाही’ हे दोन शब्द त्याला आधी नको होते, गिऱ्हाईक कमी होईल म्हणून. ठेवले. तरी अकरा फोन आले, त्यातल्या सात जणांनी गाडीच विचारली. सामान पिंपळगावच्या एका ठेकेदाराने नेले. फवारणीच्या हंगामात तो आता कागदावर मालवाहू म्हणूनच नोंदलेल्या पिकअपला तेच रॅम्प लावतो. पिकअपचा तळ उंच, म्हणून रॅम्पला दीड फुटाचा जोड द्यावा लागला.